ओळख आणि नोंद : अर्थशास्त्राच्या दलित विद्यार्थ्याच्या वाटचालीविषयी

अलीकडे आमच्या भागातील महाविद्यालयांतून करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरू लागले आहेत. व्यासपीठावर बँकेचे एखादे अधिकारी असतात, विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणारे एक गृहस्थ असतात आणि मुंबई-पुण्यात स्थिरावलेला एखादा माजी विद्यार्थी असतो. मागे फलक, पुढे छायाचित्रकार. मूल्यमापन समिती येईल तेव्हा दाखवण्यासाठी छायाचित्रे लागतातच. अर्थशास्त्राच्या आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना रांगेने बसवले जाते आणि वक्त्यांपैकी कोणीतरी हमखास सांगतो की, आजच्या जगात केवळ पदवी पुरत नाही, ओळखी वाढवा, नेटवर्किंग करा.

हा उपदेश खोटा नाही. खोटे आहे ते त्यामागचे गृहीत. ओळख म्हणजे जणू मनमोकळ्या स्वभावाचा एक गुण आहे, थोडे धीटपणाने बोलले, हस्तांदोलन केले, की ती होते, असे हे गृहीत आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने तरी ते तपासून पाहिले पाहिजे. ओळख ही मालमत्ता आहे. जमिनीसारखी ती वारशाने येते, जमिनीसारखी तिची वाटणी आपल्या देशात जातीने झालेली आहे, आणि जमिनीसारखाच तिचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एक पदर उलगडण्याचा प्रयत्न आहे. तो पदर मुख्यतः अर्थशास्त्राच्याच एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातला आहे, आणि त्याचे एक टोक आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आहे.

मालवणी बोलीत ओळखीला ‘वळख’ म्हणतात. कोणत्याही कचेरीत, दवाखान्यात, बंदरावर जायचे तर घरातले माणूस आधी विचारते, ‘थंय कोण वळखीचो असा काय?’ आणि अनोळखी माणूस समोर आला की त्याला दोन प्रश्न पडतात : तू खंयचो, आणि कोणाचो? या दोन प्रश्नांतच आमच्या समाजव्यवस्थेचे सारे सार आहे. ‘कोणाचो’ या प्रश्नाचे उत्तर देताच एकाची पाठ थोपटली जाते आणि दुसऱ्याचा आवाज खाली जातो. कोकणात आडनावावरून जात नेहमीच कळते असे नाही. गावावरून पडलेली आडनावे सर्वांचीच आहेत. म्हणून तिसरा प्रश्न येतो : वाडी खंयची? बौद्धवाडी हे उत्तर मिळाले की पुढचे विचारावे लागत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावरचे नाव बदलले तरी विचारणाऱ्याला वाडी कोठे आहे ते माहीत असते.

या किनाऱ्याचे अर्थकारण गेली दीडशे वर्षे मुंबईवर चाललेले आहे. येथील शेती तुकड्यातुकड्यांची, पीक एका पावसाचे. घरातला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि मनिऑर्डर गावात, हा शिरस्ता. चाकरमानी मुंबईत उतरला की तो शहरात उतरत नसे, गावच्या खोलीत उतरत असे. गिरणगावातल्या एका खोलीत एका गावचे पंधरा-वीस गडी राहत. खाणावळ ठरलेली, भांडण मिटवणारा ठरलेला, आणि गिरणीत ‘लावून देणारा’सुद्धा ठरलेला. जॉबर ज्याच्या गावचा, त्या गावचे लोक त्या खात्यात. करिअर मार्गदर्शन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी ही एक पूर्ण व्यवस्था अस्तित्वात होती. ती फुकट होती, विश्वासाची होती, आणि जातीची होती.

या व्यवस्थेत अस्पृश्य चाकरमान्याला कोठवर जाता येई? कताईच्या खात्यापर्यंत. विणाईच्या खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, तेथे त्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे आणि महाराच्या तोंडचा धोटा हातात घ्यायला इतर कामगार तयार नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांनाही तो मागण्यांत घेणे अवघड गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अस्पृश्यांना ओळखी नव्हत्या असे नाही. त्यांचीही गावमंडळे होती, त्यांच्याही खोल्या होत्या. परंतु त्यांच्या ओळखी जेथवर पोचत होत्या, तेथवरच त्या माणसाला नेत होत्या : गोदी, रेल्वे, नगरपालिकेचे सफाई खाते, गिरणीचे रिंग खाते. ओळख माणसाला वर नेते असे मेळाव्यातले वक्ते सांगतात. इतिहास सांगतो की ती बहुतेकदा माणसाला त्याच्या बापाच्या शेजारी उभी करते.

दुसऱ्या बाजूला काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पेढी निघाली; १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झाली; १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत सहकारी पतसंस्था उभी राहिली, जी पुढे देशातील मोठी नागरी सहकारी बँक झाली. तिच्या संस्थापकांत पारुळकर हे आडनाव आहे, आणि पारुळे आमच्याच किनाऱ्यावरचे गाव. गरजू कुटुंबाला लग्नाला, औषधाला, कर्ज फेडायला मदत व्हावी हा मूळ हेतू. त्यात निंद्य काही नाही. आपल्या माणसांसाठी आपण काही करावे ही भावना कोणाला नसते? पण यातून भांडवल, बातमी आणि शिफारस या तिन्ही गोष्टी एकाच वर्तुळात फिरत राहिल्या. त्या वर्तुळातील मुलगा अर्थशास्त्र शिकून बाहेर पडला की त्याला मेळाव्याला जावे लागत नव्हते. मेळावा त्याच्या घरी, सणाच्या पंगतीतच भरत होता.

आता ज्या विद्यार्थ्याविषयी सांगायचे त्याच्याकडे वळू.

भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. अस्पृश्य मुलगा मॅट्रिक झाला म्हणून त्यांच्या वस्तीने सत्काराची सभा भरवली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, भंडारी समाजाचे पुढारी. पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणणारे तेच. आणि सभेला हजर होते कृष्णराव अर्जुन केळुसकर. केळुसकर गुरुजींचा जन्म १८६० चा, वेंगुर्ले तालुक्यातील केळूस गावचा. मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा एक मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली, पुस्तके दिली. सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. त्या भेटीचे पुढे १९५६ पर्यंत काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. परंतु त्या पुस्तकाच्या तेजात गुरुजींचे दुसरे काम झाकले गेले आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते दुसरे कामच महत्त्वाचे आहे.

इंटरनंतर पैसा संपला. मुलाचे शिक्षण थांबणार असे दिसताच केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करण्याची तयारी महाराजांनी नुकतीच मुंबईच्या टाऊन हॉलमधील सभेत बोलून दाखवली होती. गुरुजी मुलाला घेऊन भेटीस गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन १९१२ च्या परीक्षेत भीमराव बी. ए. झाले. तेथेच मुलर नावाचे प्राध्यापक त्यांना पुस्तके देत, कपडे देत. आणि तेथेच महाविद्यालयाचा ब्राह्मण हॉटेलवाला त्यांना चहा काय, पाणीही देत नव्हता. एकाच आवारातली ही दोन माणसे.

एक केळूसचा मराठा शिक्षक, एक भंडारी पुढारी, एक संस्थानिक. या तीन कड्या नसत्या तर? हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. बुद्धिमत्ता आणि कष्ट यांनी बाबासाहेब घडले असे आपण मुलांना सांगतो, आणि ते सत्यच आहे. पण त्याच साली मॅट्रिकपर्यंत पोचू न शकलेली, बागेत कोणाला न दिसलेली किती मुले असतील? ओळखीवर चालणाऱ्या समाजात गुणवत्तेला आधी कोणाच्या तरी दृष्टीस पडावे लागते. जो स्वतः पुढारी नाही, श्रीमंत नाही, अशा एका शाळामास्तराने ते पाहिले आणि आपला शब्द खर्च केला, हे केळुसकर गुरुजींचे मोठेपण. त्याच वेळी, एका समाजाचे भवितव्य एका मास्तराच्या संध्याकाळच्या फेरफटक्यावर अवलंबून असावे, हा त्या समाजव्यवस्थेवरचा आरोपही आहे.

जून १९१३ मध्ये बडोदे सरकारशी करार झाला : परदेशी शिक्षण, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांना भेटले एडविन सेलिग्मन, सार्वजनिक वित्ताचे मोठे अभ्यासक. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, आणि पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. विद्यार्थ्याला नाव मिळवून देणारा कार्यक्रम म्हणावा तर हा : हाती शोधनिबंध, समोर जाणकार, आणि नंतर छपाई. सेलिग्मन यांनी लंडनला सिडनी वेब यांच्या नावे पत्र दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन भेटले. न्यूयॉर्कच्या दिवसांतच लाला लजपत राय यांनी त्यांना राजकारणात ओढण्याचा प्रयत्न केला होता, असे धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. बाबासाहेबांनी नम्रपणे नकार दिला. अभ्यास पुरा करायचा होता. मोठ्या माणसाची ओळख चालून आली म्हणून ती घेतलीच पाहिजे असे त्यांना वाटले नाही.

परदेशात ओळख जोडत गेली, कारण तेथे ‘कोणाचो’ हा प्रश्न नव्हता. ‘काय वाचलेस’ हा होता. स्वदेशी परतताच पहिला प्रश्न पुन्हा उभा राहिला. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले. त्या काळी हिंदुस्थानात दुर्मीळ अशी विद्या घेऊन आलेल्या या माणसाला कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकत, आणि राहायला त्या शहरात घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने अकराव्या दिवशी बाहेर काढले. महाराजांची ओळख होती. ती शिष्यवृत्तीला पुरली, एका खोलीला पुरली नाही.

यानंतरचा प्रसंग आमच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात तो सांगितलाच पाहिजे असे मला वाटते. मुंबईस परतून बाबासाहेबांनी रोखे आणि भागभांडवल यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. नाणेबाजार आणि वित्त यांत इतका व्यासंग असलेला सल्लागार त्या शहरात दुसरा कोण होता? आरंभी काम मिळू लागले. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे ही बातमी पसरली, आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. व्यवसाय बंद झाला. बाजार माणसाची जात पाहत नाही, तो फक्त किंमत पाहतो, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. या एका उदाहरणाने त्या धड्याची काय अवस्था होते ते विद्यार्थ्यांना स्वतःच कळते. सल्ला अस्पृश्य कसा होईल? आकड्याला विटाळ होतो काय? आणि तरीही झाला. सारस्वत मंडळींची पतसंस्था निघाली ते १९१८ साल याच सुमाराचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. मिळाली कशी? लंडनमध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचा परिचय झाला होता, त्यांच्या शिफारशीची मदत झाली, असे कीर लिहितात. म्हणजे पुन्हा ओळखच. आणि मुंबईतली नोकरी मिळवायला लंडनची ओळख! प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असे काही सहकाऱ्यांना वाटे. पण व्याख्याने ऐकायला दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी येऊ लागले. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला कॅनन यांची प्रस्तावना, प्रांतिक वित्तावरील १९२५ च्या ग्रंथाला सेलिग्मन यांची. हा दुसरा ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आहे. ऋण मानायला ते कधी विसरले नाहीत. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. (रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे जयंतीच्या भाषणांतून हल्ली सर्रास सांगितले जाते. त्यांच्या अर्थशास्त्राला अशा अतिशयोक्तीची गरज नाही. त्यांचे ग्रंथ वाचण्याची गरज आहे.) आणि हाच जागतिक दर्जाचा अर्थशास्त्रज्ञ त्या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवून संसार चालवत होता.

आयुष्याचा हा आलेख समोर ठेवला म्हणजे पुढे सत्तास्थानी गेल्यावर बाबासाहेबांनी काय केले याला एक वेगळाच अर्थ येतो. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता त्यांच्याकडे शिफारस करण्याची ताकद होती. आपल्या माणसांना चिठ्ठ्या देऊन चिकटवणे हा या देशातला रूढ मार्ग होता, आजही आहे. त्यांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींना केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या मुलाला शिष्यवृत्तीसाठी एका मास्तराचे बोट धरून महाराजांपुढे उभे राहावे लागले होते, त्याने पुढच्या मुलासाठी अर्जाचा छापील नमुना आणला. बोट धरण्याची गरजच काढून टाकली. मला हा फरक फार मोठा वाटतो.

त्याच मजूर खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार संचालनालय निघाले आणि सेवायोजन कार्यालयांचे जाळे विणले जाऊ लागले. प्रथम ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी होती, १९४८ मध्ये सर्वांना खुली झाली. आमच्या आधीच्या पिढीला ‘एक्स्चेंजात नाव घालणे’ हा शब्दप्रयोग चांगला माहीत आहे. मॅट्रिकचा निकाल लागला की एस. टी. पकडून जायचे, नाव नोंदवायचे, पिवळे पडेपर्यंत ते कार्ड जपायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची. पुष्कळांना तो आलाच नाही, आणि त्या कार्यालयांची हेटाळणी करणे सोपे आहे. पण त्यामागचे तत्त्व क्रांतिकारक होते. जागा रिकामी झाली की ती जाहीर झाली पाहिजे. नाव ओळखीने नाही तर नोंदीच्या क्रमाने पुढे आले पाहिजे. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले. मात्र कळवलेल्या नावांतूनच माणूस घेतला पाहिजे, असे बंधन घातले नाही. दार उघडे ठेवा, आत कोणाला घ्यायचे ते तुम्ही पाहा! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा विषय आपल्यात ओढून घेतला आणि विनिमय केंद्राच्या जागी ‘करिअर सेंटर’ हा शब्द आणला. शब्द बदलला, घेण्याची सक्ती याही वेळी आली नाही.

दुसरे काम शिक्षणसंस्थांचे. जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, जून १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद, १९५३ मध्ये सिद्धार्थचे वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय. दिवसा नोकरी आणि सकाळी वर्ग, अशी सोय असल्यामुळे चाकरमान्यांच्या मुलांना पदवी आवाक्यात आली. देवगड तालुक्यातील मुणगे गावात १९४६ मध्ये जन्मलेले डॉ. भालचंद्र मुणगेकर याच परंपरेतले. रिझर्व्ह बँकेत नोकरी, मग सोसायटीच्या वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन, २००० मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, २००४ मध्ये नियोजन मंडळाचे सदस्य. सिंधुदुर्गातील एका वाडीतून नियोजन मंडळापर्यंतचा हा रस्ता कोणाच्या चिठ्ठीने झालेला नाही. राखीव जागा, सार्वजनिक बँक, आपल्या समाजाचे महाविद्यालय, विद्यापीठ, असे ते टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर दार कायद्याने उघडे ठेवलेले होते.

१९९१ नंतर हे टप्पे एकेक करून अरुंद होत गेले. सार्वजनिक क्षेत्रातली भरती आटली, कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले, आणि खासगी क्षेत्रात नोंदीचे तत्त्व जवळजवळ नाहीच. म्हणूनच मेळाव्यातून ‘ओळखी वाढवा’ असे सांगितले जाते. त्या उपदेशाचा खरा अर्थ असा की, नोंदीचा काळ संपत आला, आता तुम्ही पुन्हा गिरणीच्या दारात उभे आहात, जॉबर शोधा.

खासगी नोकरीत काय होते याविषयी अंदाज बांधण्याची आवश्यकता नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन-तृतीयांश भरली, आणि मुसलमान नावाची स्थिती त्याहून वाईट निघाली. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून दाखवले की, नोकरीच्या मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो. ‘कोणाचो?’ हा आमचा मालवणी प्रश्नच तो, इंग्रजी कपड्यातला. मुंबईच्या दादर भागातील मराठी कुटुंबांचा अभ्यास मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांनी २००६ मध्ये मांडला, त्याचा निष्कर्ष आणखी विचार करायला लावणारा आहे. कनिष्ठ मानलेल्या जातींतील मुलगे मराठी शाळेतच राहिले, कारण त्यांच्यासाठी बापाच्या ओळखीचे कामगारी काम वाट पाहत होते. मुलींना असली ओळखच नव्हती, म्हणून त्या इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि पुढे गेल्या. ओळख नसणे हेच त्या मुलींच्या पथ्यावर पडले!

आमच्या जिल्ह्यात प्रश्न आणखी बिकट होतो तो संख्येमुळे. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या सुमारे साडेआठ लाख. त्यांत अनुसूचित जातींचे लोक शंभरात दहासुद्धा नाहीत. वाड्या लहान, विखुरलेल्या. मराठवाड्यात, विदर्भात दलित समाजाला संख्येचे जे बळ आहे, ते येथे नाही. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर घरोघरी निवास-न्याहारी निघाली, होड्या पर्यटकांना नेऊ लागल्या. ज्याची किनाऱ्यावर जागा आणि ज्याची होडी, त्याला धंदा. बौद्धवाडीला जागा नाही आणि होडीही नाही. आमचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी हंगामात तेथे रोजंदारीवर सामान वाहतो, खोल्या झाडतो, आणि जून महिन्यात वर्गात येऊन मागणी-पुरवठ्याचा आलेख काढतो.

मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. गेल्या काही वर्षांत असे मेळावे भरवणाऱ्यांत मीही असतो, म्हणून त्यांची केवळ थट्टा करून मला मोकळे होता येत नाही. एका मेळाव्यानंतर तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी थांबली. वक्त्यांनी सांगितले होते की, ओळखीतल्या कोणाला तरी फोन करून सुरुवात करा. ती म्हणाली, ‘सर, आमी फोन करूचो तो कोणाक?’ तिच्या वडिलांच्या फोनमध्ये असलेली नावे म्हणजे मुकादम, रेशन दुकानदार आणि नातेवाईक.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, नोकरीची बातमी जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते, कारण जवळच्यांना तेच माहीत असते जे आपल्याला असते. त्याने पाहिलेल्या नोकरदारांपैकी निम्म्याहून अधिकांना जागा परिचयातून मिळाली होती. दूरचे परिचित त्या मुलीला देता येतील काय? हे काम महाविद्यालय करू शकते, वक्त्यांचे भाषण करू शकत नाही. आमच्या विभागाने हल्ली एक वही ठेवली आहे. विभागातून बाहेर पडलेला प्रत्येक विद्यार्थी कोठे लागला, कोणत्या परीक्षेने, कोणत्या जाहिरातीवरून, आणि कनिष्ठाला फोनवर माहिती द्यायची त्याची तयारी आहे काय, एवढेच त्यात असते. आडनावापुढे वाडी लिहीत नाही. बौद्धवाडीतली मुलगी आणि खोताच्या घरचा मुलगा, दोघांनाही तीच वही मिळते. ज्याच्या घरी ओळखींचा साठा आहे त्याला तिची गरज कमी लागते, हे उघड आहे. म्हणून त्याने तिच्यात भर घालावी, असे आम्ही त्याला सांगतो. काहींनी घातली आहे, काहींनी टाळली आहे.

शिवाय पुष्कळशा गोष्टींना ओळख लागतच नाही, नुसती बातमी लागते, आणि ती बातमीच आमच्यापर्यंत येत नाही. भारतीय आर्थिक सेवा १९६१ पासून अस्तित्वात आहे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संघ लोकसेवा आयोग तिची वेगळी परीक्षा घेतो आणि तीत राखीव जागा आहेत. तृतीय वर्षाच्या वर्गात मी हे नाव घेतले तेव्हा एकाही मुलाने ते आधी ऐकलेले नव्हते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग शंभर वर्षांचा झाला, आणि परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींना केंद्राची व राज्याची शिष्यवृत्ती आहे. हे सारे कागदावर जाहीर आहे. मालवणच्या एस. टी. स्थानकावर उतरणाऱ्या मुलाला मात्र ते कोणी सांगितलेले नाही.

वहीच्या पहिल्या पानावर आता या परीक्षांची पात्रता आणि अर्जाचे महिने मराठीत लिहून ठेवले आहेत. त्या मुलीने पहिल्या आठवड्यातच ते पान उतरवून नेले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाडीतल्या आणखी तिघी ते मागायला आल्या. त्यांतल्या दोघी आमच्या महाविद्यालयाच्या नव्हत्या. त्यांनाही पान दिले.